बळी तो कान पिळी, हा निसर्गाचा नियम नव्हे!

संगणकावरचे ससे आणि घरातली चवळी काय शिकवते?

‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? गावच्या चावडीपासून कारखान्याच्या गेटापर्यंत तिचा अनुभव अनेकांनी घेतला आहे. पण हीच म्हण विज्ञानाचा मुखवटा घालून समोर येते, तेव्हा सावध झाले पाहिजे. ‘डार्विनने सिद्धच केले आहे. बलवान जगणार, दुबळा मरणार. निसर्गाचा कायदाच आहे तो!’ असे वाक्य भाषणात, चर्चेत, कधी कधी वर्गातही ऐकू येते. ऐकणारा गप्प बसतो. विज्ञानाशी वाद कोण घालणार?

वाचकहो, वाद विज्ञानाशी घालायचा नाही. विज्ञानाच्या नावाने जे खपवले जाते, त्याच्याशी घालायचा आहे. त्यासाठी डार्विनचा सिद्धांत नेमका काय सांगतो, हे आपल्याला आणि आपल्या मुलांना समजले पाहिजे. आनंदाची गोष्ट ही की, आज तो नुसता वाचून पाठ करावा लागत नाही. संगणकावर किंवा मोबाईलवर ससे सोडून, लांडगे सोडून, तो डोळ्यांनी पाहता येतो. ज्या घरात हे साधन नाही, त्या घरात मूठभर चवळी पुरते.

सिद्धांत चार ओळींचा

१ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोन माणसांचे विचार एकत्र वाचून दाखवण्यात आले. एक चार्ल्स डार्विन, सुखवस्तू घरातला. दुसरा आल्फ्रेड रसेल वॉलेस. घरची स्थिती बेताची असल्याने वॉलेसची शाळा चौदाव्या वर्षी सुटली होती. मलायाच्या बेटांवर पक्षी आणि कीटक गोळा करायचे, ते इंग्लंडला पाठवून विकायचे आणि त्यावर पोट भरायचे, असे त्याचे जीवन होते. दोघेही स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला पोहोचले. पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, डार्विनचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला.

तो निष्कर्ष असा. एकाच जातीचे जीव एकमेकांपासून थोडे थोडे वेगळे असतात. त्या वेगळेपणातला काही भाग आईबापांकडून पिल्लांकडे जातो. जन्माला येणारे जीव जगू शकणाऱ्यांपेक्षा जास्त असतात. आणि ज्या ठिकाणी ते राहतात, तिथे काही वेगळेपण जगायला व पिल्ले वाढवायला उपयोगी पडते, काही पडत नाही. या चार गोष्टी एकत्र आल्या की पिढ्यान्‌पिढ्या त्या जातीचे रूप हळूहळू बदलत जाते. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. ‘निवड’ हा शब्द मात्र फसवा आहे. निवडणारा कोणीच नसतो!

पडद्यावरचे ससे

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ साली ‘फेट’ नावाचा प्रकल्प सुरू केला. २००१ चे नोबेल पारितोषिक मिळालेला हा माणूस. विद्यार्थ्यांनी विज्ञान घोकू नये, ते हाताळून पाहावे, असा त्याचा आग्रह. या प्रकल्पाने शाळेसाठी अनेक संगणकी खेळ तयार करून मोफत खुले केले. त्यातला एक ‘नॅचरल सिलेक्शन’ म्हणजे नैसर्गिक निवडीचा. एकदा उतरवून घेतला की नेट नसतानाही चालतो. इंग्रजी थोडे आहे, पण बरेचसे काम चित्रांवर आणि बटणांवर चालते.

पडद्यावर एक माळरान दिसते आणि त्यात एकच पांढरा ससा. त्याला जोडीदार द्यायचा आणि पिढ्यांचे चक्र सुरू करायचे. थोड्याच वेळात सशांची एवढी गर्दी होते की त्यांनी पृथ्वी व्यापून टाकली म्हणून खेळच थांबतो. मुले खदखदून हसतात. पण पहिला धडा इथेच मिळतो. अडवणारे काही नसेल, तर कोणताही जीव वाढतच जाईल. निसर्गात असे होत नाही, याचा अर्थ अडवणारे काहीतरी आहे.

आता दुसऱ्या वेळी तपकिरी रंगाचे उत्परिवर्तन आणायचे. म्हणजे पिल्लांपैकी एखाद्यात केसांच्या रंगाचे जनुक अचानक बदललेले असेल. पण लांडगे सोडायचे नाहीत. काय होते? काही विशेष होत नाही. पांढरेही वाढतात, तपकिरीही वाढतात. रंग वेगळा आहे म्हणून कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही.

तिसऱ्या वेळी लांडगे सोडायचे. जमीन मातकट, त्यावर पांढरा ससा लांबूनच दिसतो. लांडगा त्याला आधी पकडतो. मातीत मिसळणारा तपकिरी ससा बऱ्याचदा सुटतो. दहा-पंधरा पिढ्यांत पडद्यावर तपकिरी सशांचे राज्य येते. नीट पाहा, एकाही सशाने रंग बदलण्याची धडपड केलेली नाही. तपकिरी ससा अधिक शूर नाही, अधिक हुशार नाही, त्याच्या अंगात जास्त बळ नाही. लांडग्यापुढे तोही ससाच.

आणि आता खरी गंमत. एक बटण दाबायचे आणि त्या माळरानाचा उत्तर ध्रुवाकडचा बर्फाळ प्रदेश करायचा. लांडगे तेच, ससे तेच. पण कालचा भाग्यवान तपकिरी ससा आज बर्फावर शाईच्या डागासारखा उठून दिसतो. कळपात थोडे पांढरे ससे शिल्लक असतील, तर पुन्हा त्यांची संख्या वाढते. पण पांढरे सगळेच संपून गेले असतील तर? मग बर्फ पडल्यावर त्या कळपाजवळ देण्यासारखे काही उरत नाही आणि संपूर्ण कळपच धोक्यात येतो.

पालकांनो, या ठिकाणी खेळ थांबवून मुलांना विचारा, ‘सांगा बरे, यातला लायक ससा कोणता?’ उत्तर एका शब्दात देताच येणार नाही. जमीन कोणती ते आधी सांगावे लागेल. आणि ज्या कळपात सगळे एकसारखे, तो कळप दिसायला एकजिनसी असला तरी खरा कमकुवत तोच. विविधता ही कळपाची ठेव आहे. अडचणीच्या दिवशी तीच कामी येते.

खेळातली आणखी दोन बटणे पाहण्यासारखी आहेत. एकाने चारा कठीण होतो, मग लांब दातांच्या सशांचा निभाव लागतो. दुसऱ्याने सशांना लोंबते कान येतात. त्या कानांचा या खेळात फायदाही नाही आणि तोटाही नाही. त्यांचे प्रमाण नशिबाने खाली-वर होत राहते. म्हणजे टिकून राहिलेली प्रत्येक गोष्ट उपयोगी होती म्हणूनच टिकली, असेही नाही.

एका शब्दाचा खुलासाही करायला हवा. जनुके ‘प्रभावी’ आणि ‘अप्रभावी’ असतात, असे पुस्तकात लिहिलेले असते. मुलांना वाटते, प्रभावी म्हणजे श्रेष्ठ. तसे नाही. दोन वेगळी जनुके एकाच सशात आली, तर कोणता रंग बाहेर दिसणार, एवढाच त्याचा अर्थ. प्रभावी जनुक उपयोगी असेलच असे नाही आणि ते आपोआप पसरतही नाही.

चक्रवाढ व्याजाचे गणित

‘एवढ्याशा फरकाने एवढा बदल कसा होईल?’ ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर सावकाराच्या वहीत मिळते. समजा, शंभर सशांत ९९ पांढरे आणि एकच तपकिरी आहे. पांढऱ्यांची संख्या पिढीमागे तेवढीच राहते. तपकिरींची मात्र पिढीमागे फक्त वीस टक्क्यांनी वाढते. दहा पिढ्यांनी त्या एकाचे सहा झालेले असतील. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण पंचवीस पिढ्यांनी सुमारे पंच्याण्णव! म्हणजे जवळजवळ बरोबरी. चाळीस पिढ्यांनी चौदाशेच्या वर. कर्जाचा आकडा पहिल्या वर्षी किरकोळ वाटतो आणि नंतर घर गिळतो, त्याच हिशेबाने. सशाची पिढी काही महिन्यांची, जंतूची काही तासांची. निसर्गाजवळ मात्र कोट्यवधी वर्षे आहेत.

घरी करून पाहा

ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी खंत करू नये. वीस दाणे पांढरी चवळी आणि वीस दाणे लाल चवळी घ्या. जमिनीवर तांबड्या रंगाची चादर पसरा आणि चाळीसही दाणे तिच्यावर विखरून टाका. घरातले एक मूल लांडगा होईल. त्याने मान वळवायची, पटकन वळून पाहायचे आणि जो दाणा आधी दिसेल तो उचलायचा. असे वीस वेळा. मग उरलेल्या वीस दाण्यांना पिल्ले होतील, म्हणजे प्रत्येकाशेजारी त्याच रंगाचा एक नवा दाणा ठेवायचा. पुन्हा चाळीस झाले. दाणे पुन्हा विखरा आणि दुसरी पिढी सुरू करा.

प्रत्येक पिढीचे आकडे वहीत मांडा. एका रकान्यात पांढरे, एका रकान्यात लाल. चार-पाच पिढ्यांनंतर चादर काढून पांढरे धोतर किंवा पांढरी साडी पसरा आणि खेळ तसाच पुढे चालू ठेवा. वहीतले आकडे कसे वळण घेतात ते पाहा. शेजारच्या घरात हाच खेळ मांडला, तर आकडे थोडे वेगळे येतील, कारण नशिबाचाही त्यात वाटा आहे. पण कल बहुधा तोच येईल. खेळ संपला की चवळी भिजत घाला. सकाळी उसळ!

यातून मुलांना शास्त्रीय पद्धतीची एक सवय लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी तशीच ठेवायची आणि निष्कर्ष आकड्यांवरून काढायचा. मोठा माणूस सांगतो म्हणून नव्हे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. संगणकावरचा खेळ म्हणजे पुरावा नव्हे. उठून दिसणारा ससा आधी पकड, हे त्या लांडग्याला माणसानेच शिकवले आहे. अशी मांडणी ‘असे नियम असतील तर काय घडेल’ एवढेच सांगते. तसे खरोखर घडते का, हे शोधायला बाहेर निसर्गात जावे लागते.

धुरातला पतंग

इंग्लंडमध्ये ‘पेपर्ड मॉथ’ नावाचा एक पतंग आहे. पांढुरक्या पंखांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके. १८४८ साली मँचेस्टरजवळ त्याचा पूर्ण काळा प्रकार नोंदला गेला. गिरण्यांच्या धुराने झाडांच्या साली काळ्या पडत चालल्या होत्या. १८९५ पर्यंत मँचेस्टर भागातले सुमारे ९८ टक्के पतंग काळे झाले. पुढे १९५६ मध्ये हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा आला, धूर कमी झाला आणि काळे पतंग घटू लागले. आज ते दुर्मिळ आहेत.

काजळीने पंख काळे केले का? नाही. २०१६ साली लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी तो काळा रंग आणणारा जनुकातला बदल शोधून काढला. आणि मायकेल मजेरस या शास्त्रज्ञाने केंब्रिज येथे २००१ ते २००७ या काळात ४,८६४ पतंग सोडून पाहिले. आता स्वच्छ झालेल्या झाडांवर पक्षी काळे पतंग अधिक प्रमाणात टिपतात, हे त्याने मोजून दाखवले. आपल्या चादरीवरच्या चवळीची ही खरी आवृत्ती.

आपल्या छातीतली निवड

ससे आणि पतंग लांबचे वाटतील. पण हाच नियम आपल्या वस्तीत, आपल्याच माणसांच्या फुप्फुसात काम करतो. क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४० च्या दशकात आले, तेव्हा डॉक्टरांना हर्ष झाला. पण १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत दिसून आले की, अनेक रुग्ण आधी सुधारतात आणि मग त्यांच्या छातीतले जंतू त्या औषधाला जुमानेनासे होतात.

असे का झाले? फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात. त्यांच्यात एखादा असा निघतो, ज्याच्यावर ते औषध चालत नाही. तो औषध घेण्याआधीच तिथे असतो, जसा पहिला काळा पतंग. औषध बाकीच्यांना मारते, हा मागे राहतो आणि वाढतो. औषधाने त्याला ‘ताकद’ दिलेली नसते. औषधाने फक्त चादर बदललेली असते.

म्हणून क्षयावर एकाच वेळी तीन-चार औषधे देतात. एका औषधातून सुटणारा जंतू लाखांत एखादा असेल, दुसऱ्यातून सुटणारा कोटींत एखादा. दोन्हींतून सुटणारा एकच जंतू निघायचा, तर दोन्ही आकड्यांचा गुणाकार करावा लागेल! तो जवळजवळ निघतच नाही. पण औषधे सुटी-सुटी घेतली, मधेच तोडली किंवा कमी घेतली, तर सुटून जाणाऱ्या जंतूला मोकळे रान मिळते. मग तेच जंतू खोकल्यातून घरातल्या पोराबाळांपर्यंत जातात.

भगिनींनो आणि बंधूंनो, दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि माणूस म्हणतो, ‘बरा झालो, आता कामावर जातो.’ रोजगार बुडतो, गोळ्यांनी मळमळते, दवाखान्यात कधी कधी औषधच मिळत नाही, या अडचणी खऱ्या आहेत. त्याचा सगळा दोष रुग्णाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. पण साध्या क्षयाचा साधारण सहा महिन्यांचा पूर्ण उपचार, डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत, तोडू नका. सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत आहेत. ती मिळाली नाहीत तर आवाज उठवा. वस्तीतल्या कोणाचे औषध चालू असेल, तर शेजाऱ्यांनी दोन शब्द विचारपूस करावी.

‘लायक’ म्हणजे काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ‘लायक तेच टिकतात’ या अर्थाचा शब्दप्रयोग मुळात हर्बर्ट स्पेन्सर याने १८६४ मध्ये केला. डार्विनने तो १८६९ च्या आवृत्तीत घेतला. डार्विनच्या लेखी लायक म्हणजे त्या परिस्थितीला जुळणारा. तपकिरी जमिनीवर तपकिरी, बर्फावर पांढरा. पण ज्यांना आपले वरचे स्थान टिकवायचे होते, त्यांनी त्याचा अर्थ ‘श्रेष्ठ’ असा लावला. १८८३ मध्ये फ्रान्सिस गॉल्टनने सुप्रजननशास्त्र हे नाव रूढ केले. ‘चांगल्या’ वंशाची वाढ आणि ‘हलक्या’ची रोखथांब, हा त्याचा कार्यक्रम. अमेरिकेत अशा कायद्यांखाली साठ हजारांहून अधिक लोकांची सक्तीने नसबंदी झाली. त्यात गरीब स्त्रिया फार होत्या. जर्मनीत १९३३ च्या कायद्याने हा आकडा चार लाखांच्या घरात गेला.

आपल्या देशात याच युक्तिवादाने जातीला शास्त्राचा आधार देण्याचा प्रयत्न झाला. १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो मुद्दा मुद्दाम हाती घेतला आणि खोडून काढला. जात ही वंशाची विभागणी नव्हे, एकाच वंशाच्या लोकांची समाजाने केलेली विभागणी आहे, हे त्यांनी दाखवून दिले. एकाच प्रांतातील उच्च म्हणवणारे आणि नीच ठरवलेले लोक एकाच मुळाचे आहेत, ही त्यांची मांडणी होती.

सशांचा खेळ समजलेल्या मुलाला हे समजायला वेळ लागत नाही. ज्या मुलाला पुस्तक मिळाले नाही, पोटभर जेवण मिळाले नाही, ते परीक्षेत मागे पडले, तर ती नैसर्गिक निवड नव्हे. तिथे लांडगा कोणी सोडला, चादर कोणी पसरली, याचा पत्ता लागू शकतो. आणि माणसाने पसरलेली चादर माणसाला बदलता येते. सशाला ते जमत नाही, हाच तर आपल्यातला आणि सशातला फरक!

हे ज्ञान मुलांपर्यंत पोहोचवण्याचे काम केवळ शाळेवर सोडून चालणार नाही. राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती यावर होता. पण २०२३ मध्ये ‘एनसीईआरटी’च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी पत्रक काढून त्याला विरोध केला. अकरावीला विज्ञान शाखा न घेणाऱ्या मुलाला मग हा सिद्धांत भेटणार कुठे? घरीच, चवळीच्या दाण्यांत.

येत्या रविवारी अर्धा तास काढा. आजीलाही खेळात घ्या, लांडगा ती छान होईल. आणि यापुढे कोणी छाती काढून म्हणाले की, ‘जो वर आहे तो लायक म्हणूनच वर आहे, निसर्गाचाच नियम आहे,’ तर आपल्या मुलाने त्याला नम्रपणे एकच प्रश्न विचारावा :

‘काका, कोणत्या चादरीवर?’